पावसात गाडी मध्येच बंद पडते? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

कार्बुरेटरच्या 100 ते 125 सीसी दुचाकी गाड्यांची ही पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. चालता चालता बंद पडायचं, पाच मिनिटांनी आपोआप चालू व्हायचं आणि मेकॅनिकसमोर शहाण्यासारखं वागायचं. मग प्लग, कॉइल, सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असं एकेक बदलत खिसा रिकामा होतो. खरं निदान गाडी बंद पडते त्या क्षणात असतं.

चावी फिरवल्यासारखं इंजिन एकदम गेलं, तर बहुधा करंटचा प्रश्न. आचके खात, दम तुटत गेलं, तर पेट्रोलचा. पेट्रोलचं निदान सोपं: टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज होऊन गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र चिखलाने बुजलंय. नाहीतर फ्लोट बोलचा (कार्बुरेटरच्या तळाची पेट्रोल साठवणारी वाटी) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी तळाला वेगळं दिसतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की इथेनॉलही पाण्याबरोबर खाली बसतं, तेव्हा टाकीसुद्धा रिकामी करावी लागते.

करंट पाहायला प्लग काढून कॅपमध्ये घाला, त्याचा धातूचा भाग इंजिनला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लग त्याच्या भोकापासून लांब हवा, आतली वाफ पेट घेते. असा अर्थ (इंजिनच्या धातूशी जोड) न देता किक मारू नका, कॉइल किंवा सीडीआय जायची भीती असते. ठिणगी निळसर, जाड हवी. पिवळी, बारीक असेल तर आधी प्लग कॅप बदलून पाहा, ती सगळ्यात स्वस्त. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून कॅप आणि जाड वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा, हात लांब ठेवून. चिरेतून फ्रेमकडे उडणारी ठिणगी स्पष्ट दिसते.

ठिणगीच नसेल तर किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण तपासा. जुन्या एसी सीडीआय गाड्यांत हा स्विच करंट अर्थ करून इंजिन बंद करतो, त्यामुळे आत पाणी शिरलं की तो आपणहून तेच काम करतो. वायरिंग डायग्रॅम बघून सीडीआयपाशी त्याची वायर तात्पुरती सोडवा. गाडी सुरळीत चालली तर चोर सापडला. (अशी गाडी बंद करायला गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडा.) याच गाड्यांत ठिणगी थेट मॅग्नेटवरून (इंजिनबरोबर फिरून करंट तयार करणारा भाग) येते, म्हणून त्या बंद पडतात म्हणून नवीन बॅटरी घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

यानंतर हँडल. इंजिन आयडलवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. बंद पडलं तर हँडल जिथे फ्रेममध्ये वळतं त्या स्टिअरिंग हेडपाशी वायर आतून तुटलेली आहे. वरचं प्लॅस्टिक शाबूत असल्याने बाहेरून काहीच दिसत नाही. तिथे नुसती टेप गुंडाळू नका, पहिल्या जोरदार सरीत ती सुटते. तुटका भाग कापून नवा तुकडा सोल्डर करा, वर हीट श्रिंक चढवा. कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) उघडून पिना हिरव्या झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून थोडं सिलिकॉन ग्रीस लावा.

बॅटरीवर चालणाऱ्या डीसी सीडीआयसाठी मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. बंद गाडीत भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते, 12 च्या खाली ती उतरलेली. रेस केल्यावर 13.8 ते 14.5 यायला हवेत. 15 च्या वर गेले तर रेक्टिफायर (बॅटरीला जाणारा करंट आवरणारा भाग) गेला. आकडा वाढलाच नाही तर मॅग्नेटची कॉइल, रेक्टिफायर किंवा मधलं कपलर.

गार असताना उत्तम, तापल्यावर बंद, हे पिकअप कॉइलचं (मॅग्नेटजवळची, सीडीआयला ठिणगीचा इशारा देणारी छोटी कॉइल) लक्षण. तिचा रेझिस्टन्स गार असताना आणि गाडी बंद पडल्याबरोबर, असा दोनदा मोजा आणि मॅन्युअलशी ताडा. गार असताना बरोबर आणि गरम झाल्यावर ओपन (आतून तुटलेली) दाखवली, तरच बदला.