हॅवलॉकला निवांत तीन रात्री: कोल्हापूरकरांसाठी आखणी

डिसेंबरात रंकाळ्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अंदमानच्या हॅवलॉक बेटावर तो पाचलाच गेलेला असतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण कोल्हापूर 74 रेखांशावर आणि हॅवलॉक 93 वर. एका अंशाला चार मिनिटं धरली की फरक सव्वा तासाचा होतो. बेत फसतो तो बहुतेकदा इथेच: दहाला नाश्ता, दुपारी झोप, चार वाजता आवरायला सुरुवात आणि किनारा गाठेपर्यंत अंधार. तिथे सगळा दिवस सव्वा तास अलीकडे ओढायचा.

महिना. जानेवारी ते मार्च उत्तम. मे महिन्याच्या सुट्टीचा मोह टाळा. मोसमी पाऊस आपल्याकडे यायच्या दोन-तीन आठवडे आधीच अंदमानात उतरतो. दिवाळीच्या सुट्टीत बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा धोका असतो. समुद्र खवळला की बोटी बंद, आणि बेटावर विमानतळ नाही.

जाणं. कोल्हापूरहून थेट विमान नाही. स्वस्त मार्ग म्हणजे रात्रीची स्लीपर बस धरून बंगळूर आणि तिथून पोर्ट ब्लेअरचं विमान (शहराचं नाव 2024 पासून श्रीविजयपुरम). बस शहरात सोडते; विमानतळ पार उत्तरेला देवनहळ्ळीत. विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशीच बंगळूर गाठा. उतरल्यावर त्याच दिवशीची बोट काढू नका. विमानाला उशीर झाला की बोट थांबत नाही. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, संध्याकाळी सेल्युलर जेल, सकाळी बोट.

खासगी बोटीला दीड ते दोन तास लागतात, सरकारी बोटीला अडीचच्या आसपास. तिकिटावर ‘स्वराज द्वीप’ असेल तर गोंधळू नका, 2018 पासून हॅवलॉकचं तेच नाव आहे. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, तासभर आधी जेट्टीवर पोचा. घाट उतरताना ज्यांना मळमळतं त्यांनी उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहत नाही.

मुक्काम. गोविंदनगर किंवा विजयनगर. बाजार, जेवण, भाड्याची स्कूटी सगळं इथेच. स्कूटीसाठी लायसन्स लागतं. नेटवर्क दगा देतं, एटीएम रिकामं असू शकतं. तीन दिवसांची रोकड बरोबर ठेवा.

पाण्याची वेळ. विजयनगर आणि काला पत्थर हे किनारे पूर्वेला, म्हणजे सूर्योदयाचे. ओहोटीला इथलं पाणी खूप आत जातं आणि खाली खडक, प्रवाळ उघडे पडतात. त्यावर अनवाणी चाललात तर पाय कापलेच. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरती काढतात, तो हिशेब इथे चालत नाही. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा किंवा हॉटेलवाल्याला विचारा.

सूर्यास्तासाठी राधानगर. (आपली राधानगरी नव्हे, इथे गव्यांऐवजी मगरींची काळजी.) जेट्टीपासून साधारण 12 किलोमीटर, डिसेंबरात साडेतीनलाच निघा. वाळू मऊ, उतार हळू, त्यामुळे पोहायला हाच किनारा चांगला, पण जीवरक्षक असतील तिथेच आणि उजेड असेपर्यंतच. 2010 मध्ये याच भागात मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा जीव गेला आहे. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरायचं नाही, कितीही शांत दिसलं तरी.

संध्याकाळी वाळूवर थेट आडवं पडू नका. तिथल्या वाळूतल्या माश्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत, पण चावल्यावर आठवडाभर खाज येते. अंगाला खोबरेल चोपडा आणि खुर्चीवर बसा.

स्कूबा करायचं असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी. सर्दी असताना नको, कानावर दाब येतो. पाण्याखालून वर आल्यावर रक्तात नायट्रोजन विरघळलेला राहतो, म्हणून विमानात बसण्याआधी किमान 18 तास, शक्यतो 24 तास जाऊ द्या. शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला ठेवली की हा हिशेबही जमतो आणि बोट रद्द झाली तर हातात एक दिवस उरतो. शंख-शिंपले, प्रवाळ बॅगेत टाकू नका. विमानतळावर काढून घेतात, वर कायद्याचं लचांड.

जेवण. गावांत फाळणीनंतर वसवलेली बंगाली कुटुंबं आहेत, म्हणून मासळीचा झोल मोहरीच्या तेलातला, पातळ आणि सौम्य. तांबड्या रश्श्याची जीभ दुसऱ्याच दिवशी कुरकुरते. कांदा-लसूण चटणी न्यायची तर चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत. तिखट केबिन बॅगेत अडवतात.