जुनी पिकअप रेस देताना गचके खाते आणि मधेच बंद पडते, तर दोष शोधायचा कसा

सगळ्यात आधी एक सांगतो, लगेच पार्ट बदलायला घेऊ नका. जुनी पिकअप मिसिंग मारायला लागली की कोणीतरी म्हणतं पंप गेला, कोणीतरी म्हणतं कॉईल, आणि आपण एकेक बदलत बसतो. चार पार्ट नवीन बसतात, गाडी पाचव्या दिवशी परत तिथेच उभी. मी हे करून बसलोय, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. आधी एक वही गाडीत ठेवा आणि आठवडाभर फक्त लिहा, कधी बंद पडली, इंजिन थंड होतं का गरम, टाकीत पेट्रोल किती होतं, चढ होता का, रेस देताना का सोडताना, पाऊस होता का, आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला. या वहीतूनच अर्धा दोष सापडतो.

म्हणजे बघा, सकाळी थंड असताना अडखळते आणि गरम झाल्यावर बरी चालते, तर चोक, कूलंट टेंपरेचर सेन्सर किंवा कुठूनतरी जास्तीची हवा खेचतेय. उलट थंडीत मस्त पळते, अर्ध्या तासाने गरम झाली की धाडकन बंद, आणि वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू, तर जास्त संशय इग्निशन मॉड्यूल, कॉईल किंवा क्रँक सेन्सरवर घ्या (प्लगला ठिणगी कधी आणि कशी मिळणार ते यांच्यावर असतं), कारण हे पार्ट गरम झाले की आतून तुटतात आणि गार झाले की परत जुळतात. सिग्नलला उभी राहिली की बंद पण रस्त्यावर बरी, तर आयडल व्हॉल्व्ह (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना लागणारी हवा देणारा), ईजीआर (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा हवेची गळती. आणि सपाटीला ठीक पण चढाला किंवा माल भरला की दम तोडते, तर पेट्रोल पुरत नाहीये नाहीतर सायलेन्सरकडची बाजू तुंबलीय.

एक युक्ती जी फार कमी लोक वापरतात. गाडी मॅन्युअल गिअरची असेल आणि चालता चालता बंद पडली तर लगेच क्लच दाबू नका, मागे गाडी नाही बघून दोन सेकंद गिअरमधेच राहू द्या आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. चाकं इंजिनला फिरवतच असतात. काटा एकदम शून्यावर पडला तर इग्निशनचा सिग्नलच गेलाय, म्हणजे क्रँक सेन्सर, पिकअप कॉईल (नावात पिकअप असलं तरी गाडीशी संबंध नाही, डिस्ट्रिब्युटरच्या आत ठिणगीचा सिग्नल देणारी छोटी कॉईल), मॉड्यूल किंवा इग्निशन स्विच. काटा चाकांबरोबर हळूहळू खाली येत असेल तर करंटची बाजू बहुतेक ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. फक्त एवढं लक्षात ठेवा की इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही थोड्या वेळाने कडक होतो, म्हणून हे मोकळ्या रस्त्यावरच.

आता बॉनेट उघडा. पहिलं बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर. हसू नका, जुन्या गाडीत निम्म्या विचित्र तक्रारी इथेच संपतात. टर्मिनल हाताने हलतंय का, इंजिनपासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी गंजलीय का बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावला तर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. मग चावी हातात धरून इग्निशन स्विचमधे थोडी हलवा, हलवताना इंजिन दचकलं तर स्विच झिजलाय. चावीच्या जुडग्याला जड किल्ल्या लटकवल्या असतील तर तेही काढा.

पेट्रोलची बाजू. इंजेक्शनवाली गाडी असेल तर चावी ऑन करा पण सेल्फ मारू नका, टाकीकडून साधारण दोन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. आवाज आला म्हणजे पंप चांगला असं नाही, तो फिरतोय एवढंच कळतं. प्रेशर गेज लावल्याशिवाय काही खरं नाही. कार्बुरेटरवाल्या गाडीला 4 ते 7 पीएसआय (दाबाचं एकक) पुरतं, थ्रॉटल बॉडीत (रेस दिली की उघडणारी हवेची झडप असते त्या भागात) एक-दोन इंजेक्टर असणाऱ्या जुन्या बऱ्याच गाड्यांना 9 ते 13, आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असेल तर बहुतेक 35 ते 60 च्या मधे, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. आणि गेज उभ्या गाडीवर बघून समाधान मानू नका, लांब होज लावून गेज काचेला बाहेरून टेप करा आणि ज्या चढाला दम तोडते तिथेच न्या. उभ्या गाडीत प्रेशर बरोबर आणि चढाला पडतंय, तर आधी फिल्टर, मग पंप. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडलं आणि जोरात सुस्स करून हवा आत गेली, आणि मग लगेच चालू झाली, तर टाकीचा श्वास कोंडलाय, व्हेंट बघा. टाकी अर्ध्याखाली गेली की त्रास वाढतो असं वहीत दिसत असेल तर बहुधा टाकीतल्या जाळीवर कचरा बसलाय.

कार्बुरेटर असेल तर इंजिन बंद आणि थंड करून एअर फिल्टर काढा, आत बघत हाताने थ्रॉटल झटकन उघडा. पेट्रोलची सरळ, जोरदार धार पडली पाहिजे. नुसते थेंब आले किंवा धार उशिरा आली तर बहुधा अॅक्सिलेटर पंपाचा डायफ्रॅम गेलाय, आणि रेस देताच जो अर्ध्या सेकंदाचा खड्डा जाणवतो तो हाच.

हवेची गळती शोधायला कान आणि हात दोन्ही लावा. रबरी व्हॅक्यूम पाइप वरून छान दिसतात आणि खालच्या बाजूला, वळणावर चिरलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पाइप वाकवून, उलटा करून बघा. ब्रेक बूस्टरचा मोठा पाइप आणि पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा व्हॉल्व्ह) कोपरा विसरू नका. व्हॅक्यूम गेज असेल तर निरोगी इंजिन आयडलला 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) स्थिर दाखवतं, उंचावर दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरा. आता रेस 2500 वर धरून ठेवा, काटा हळूहळू खाली घसरत गेला तर एक्झॉस्ट तुंबलाय, बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा). काही जण गळती शोधायला चालू इंजिनवर पेट घेणारा स्प्रे मारतात, गरम एक्झॉस्ट आणि जुन्या वायरी शेजारी असताना मी ते करत नाही, तुम्हीही करू नका.

करंटची बाजू. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, हात लांब ठेवा, निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या तर वायर फुटलीय. मग इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटर (एकेका प्लगला करंट वाटणारा भाग) कॅप काढून आत पेन्सिलने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेषा आहेत का बघा, करंट त्या रेषेवरून पळून जातो आणि दमट हवेत जास्तच.

माझ्या पिकअपचं सांगतो, कारण हा दोष सापडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. रेस दिली की एक जोरदार गचका, कधी कधी बंदच, आयडलला मात्र एकदम गुळगुळीत. प्लग, वायरी, कॅप, फिल्टर सगळं नवीन झालं होतं. शेवटी डिस्ट्रिब्युटर उघडून पिकअप कॉईलच्या दोन बारीक वायरी हातात घेतल्या, वरून एकदम नव्यासारख्या. ओहम मीटर लावला तर रीडिंग बरोबर. मग व्हॅक्यूम अॅडव्हान्सच्या (ठिणगीची वेळ मागेपुढे करणाऱ्या भागाच्या) पाइपला तोंडाने ओढलं, आतली प्लेट फिरली, आणि मीटर एकदम ओपन, म्हणजे जोड तुटलेला! सोडलं की परत बरोबर. वायरीचं प्लास्टिक शाबूत होतं पण आतलं तांबं प्लेट वर्षानुवर्षं मागेपुढे फिरून तुटलं होतं. मधोमध नुसतं चिमटीत धरून ओढलं तर रबरासारखं ताणलं गेलं, आत काही नव्हतंच. म्हणून रीडिंग घेताना तो पार्ट हलवून, वाकवून, गरम करूनच घ्या.

हाच नियम थ्रॉटल पोझिशन सेन्सरला. मीटर लावून थ्रॉटल अगदी सावकाश उघडा, साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारच्या आसपासपर्यंत सलग चढलं पाहिजे, मधे कुठे उडी किंवा शून्य नको. काट्याचा जुना मीटर यासाठी डिजिटलपेक्षा बरा, उडी डोळ्याला दिसते. आयडल व्हॉल्व्ह काढून त्याच्या टोकावरचा कार्बन पुसा, एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असेल तर त्याच्याच क्लिनरने धुवा, कापडाने पुसू नका. ईजीआर उघडा अडकलाय असं वाटलं तर तो काढून बघा, सीटवर कार्बनचा खडा अडकून बसलेला असतो. ऑटोमॅटिक गिअर असेल आणि ब्रेक मारून थांबताना क्लच न दाबल्यासारखी बंद पडत असेल तर इंजिनाला दोष देऊ नका, टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडून ठेवणारी पकड) सुटत नाहीये.

ओबीडी-2 चा सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा) असेल तर दोषाचे कोड तर वाचाच पण फ्युएल ट्रिम पण बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय ते. आयडलला प्लस 10 टक्क्यांच्या बराच वर आणि 2500 ला नॉर्मलवर येतोय, तर हवेची गळती. उलट रेस वाढवली की ट्रिम वर चढतोय, तर बहुधा पेट्रोल कमी पडतंय.

दोष सापडला, काम झालं, की वही परत उघडा आणि ज्या अवस्थेत बंद पडायची अगदी तीच करून बघा, टाकी तेवढीच, तोच चढ, तेवढंच गरम इंजिन. गॅरेजच्या दारात दोन मिनिटं नीट चालली म्हणून पैसे देऊन निघू नका, माझी तशीच तीन वेळा परत आली होती.