एका बिळातली पिल्लं नेमकी कोणाची? डीएनए मार्करनं कसं शोधायचं

आपल्याकडं परभणी-बीड भागात झूलॉजीत एमएस्सी करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय, कारण वावरात उंदरांची कमी नाही आणि विषय लई भारी आहे. पहिली गोष्ट, एका बिळात नर-मादी सोबत सापडले म्हणून त्यांना जोडी समजू नका. अमेरिकेतला प्रेअरी व्होल (उंदरासारखाच एक छोटा प्राणी) जोडीनं राहतो, पिल्लं सोबत सांभाळतो, तरी डीएनए बघितला तर काही पिल्लांचा बाप भलताच निघतो. उलट कॅलिफोर्निया माऊसची जोडी १९९१ च्या डीएनए फिंगरप्रिंटिंगमधे खरंच पक्की निघाली. नुसतं बघून हे कळत नाही.

आधी कॉलेजच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. मग सोयाबीन निघाल्यावर बांधाच्या कडेनं जिवंत पकडायचे शर्मन ट्रॅप लावा, आत शेंगदाणे टाका, आणि दिवस उगवायच्या आत तपासा, ऊन चढलं की पत्र्याच्या ट्रॅपमधे जनावर मरतं. हातमोजे घालाच, लेप्टोची (उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार) भीती असते. कानाचा छोटा तुकडा पंचनं घेऊन ९५ टक्के इथेनॉलमधे ठेवा, दर उंदरामागं पंच साफ करा नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्यात जातो.

मार्कर म्हणून मायक्रोसॅटेलाइट घ्या, म्हणजे डीएनएमधले तेच तेच छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात ती जागा, त्यांची लांबी प्रत्येकात वेगळी असते. १०-१५ जागा तरी पाहिजेत. पीसीआर करून (म्हणजे त्या जागेच्या भरपूर प्रती बनवून) लांबी मोजायची. एका जागेच्या प्रत्येकाकडं दोन लांब्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून.

आता खरी मजा. समजा एका जागेवर आईचं १४२/१४८ आलं आणि पिल्लांचं १४२/१५०, १४८/१५४, १४२/१५८. आईचं वजा केलं की बापाकडचे १५०, १५४, १५८ उरले, एका बापाकडं दोनच असू शकतात म्हणजे बाप किमान दोन. पण एकाच जागेवर असं दिसलं तर म्युटेशनही असू शकतं, दोन-तीन जागांवर दिसलं तरच माना. आणि हे सगळं आई पक्की असेल तरच, कारण काही जातींमधे दोन-तीन माद्या एकाच घरट्यात पिल्लं घालतात, म्हणून आईसुद्धा डीएनएनंच ताडून बघा.

नंतर डेटा सर्व्हस (Cervus) किंवा कॉलनी (Colony) या नातं शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधे टाका. सर्व्हस विचारतं की आसपासच्या नरांपैकी किती टक्के तुम्ही पकडले, तो आकडा अंदाजानं फुगवू नका, त्याच्यावरच बाप किती खात्रीनं ठरतो ते अवलंबून असतं, त्यामुळं शेजारच्या वावरातले नरसुद्धा पकडा.