खारी-नानकटाईतलं वनस्पती तूप बदलताय? या चुका टाळा

"ताई, नवा डबा आणला आणि खारी बसली. पदरच सुटत नाहीत."

लहान बेकऱ्या आणि फरसाणवाल्यांना पाककृती बसवून देणं हे माझं काम. गेली काही वर्षं ही तक्रार मी सतत ऐकते. मालकाने मनापासून ठरवलेलं असतं की ट्रान्स फॅट नको. तो डबा बदलतो, पण काम मात्र जुन्याच पद्धतीने करतो. माल बिघडला की दोन घाण्यांतच जुन्या डब्याकडे परततो. मला वाईट वाटतं ते याचं, कारण इथे हार मानण्याची गरज नसते.

ट्रान्स फॅट येतं कुठून? पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात, वनस्पती तूप होतं ते असंच. ही क्रिया अर्धवट थांबवली की उरलेल्या काही रेणूंची रचना पालटते. तेच ट्रान्स फॅट. ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं. आहारातल्या एकूण उष्मांकापैकी 2 टक्के जरी त्यातून आले तरी हृदयविकाराचं प्रमाण सुमारे 23 टक्के वाढलेलं दिसतं, असं 2006 साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलं गेलं. डेन्मार्कने 2003 मध्येच त्यावर मर्यादा घातली. आपल्याकडे 1 जानेवारी 2022 पासून तेला-तुपात आणि ते वापरून केलेल्या पदार्थांतही कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स फॅट एकूण स्निग्धांशाच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

पहिली चूक: घट्ट तुपाच्या जागी थेट पातळ तेल. सर्वांत जास्त माल इथे वाया जातो. खारीत दोन पदरांमधला स्निग्ध थर लाटताना पसरला पाहिजे, पण पिठात मुरता कामा नये. भट्टीत पाण्याची वाफ होते, तो थर तिला अडवतो आणि पदर उचलले जातात. तेल मैद्यात शिरतं, थर उरतच नाही. म्हणून खारी, पॅटिस, क्रीम रोल यांना घट्ट पर्यायच हवा. पामतेलाचा घट्ट भाग आणि एखादं पातळ तेल यांचं इंटरएस्टरिफिकेशन करून बनवलेलं शॉर्टनिंग, म्हणजे बेकरीसाठीचं घट्ट स्निग्ध, मिळतं. त्यात स्निग्धाम्लांच्या जागांची अदलाबदल होते, हायड्रोजन लागत नाही, त्यामुळे ट्रान्स फॅट तयार होण्याचं कारणच राहत नाही.

मात्र ते वनस्पतीसारखं वागत नाही. पीठ आणि शॉर्टनिंग दोन्ही सारखेच मऊ असले पाहिजेत. नागपुरात मे महिन्यात तोच डबा पातळ होतो, डिसेंबरच्या पहाटे त्याचे तुकडे पडतात. उन्हाळ्यात घड्यांच्या मध्ये पीठ वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. आणि पुरवठादाराला वितळणबिंदू विचारा: खारीला जास्त लागतो, नानकटाईला कमी. नानकटाईत खारीचं शॉर्टनिंग घातलं तर ते जिभेवर विरघळत नाही, टाळूला मेणासारखं चिकटतं.

दुसरी चूक: किलोला किलो बदलणं. मार्गारीनमध्ये (लोण्यासारखं वापरतात ते) स्निग्धांश साधारण 80 टक्के, बाकी मुख्यतः पाणी. शॉर्टनिंग जवळजवळ पूर्ण स्निग्ध. मार्गारीन सोडून शॉर्टनिंगवर येताना एक किलोच्या जागी 800 ग्रॅम घ्या आणि दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी वाढवा. हे न केल्यामुळे बिस्किटं पसरली म्हणून शॉर्टनिंगलाच दोष देणारे मी बरेच पाहिलेत.

"2 टक्क्यांच्या आत" म्हणजे "ट्रान्स फॅट मुक्त" असं समजणं. इथे हिशेब नीट करा, कारण पाकिटावर छापलेलं मागे घेता येत नाही. 2 टक्के मोजायचे ते स्निग्धांशावर. "मुक्त" असा दावा करायचा तर 100 ग्रॅम पदार्थात 0.2 ग्रॅमपेक्षा कमी हवं. समजा खारीत 30 टक्के स्निग्धांश आहे आणि शॉर्टनिंगमध्ये 1 टक्का ट्रान्स फॅट. म्हणजे 100 ग्रॅम खारीत 0.3 ग्रॅम. विकायला कायदेशीर, पण दावा खोटा. दावा टिकवायचा तर शॉर्टनिंगमधलं प्रमाण पाऊण टक्क्याच्याही खाली, 0.66च्या आत लागेल. तेल शुद्ध करताना वास काढण्यासाठी ते खूप तापवतात, तेव्हाही थोडं ट्रान्स फॅट तयार होतं, म्हणून अगदी शून्य क्वचितच मिळतं. प्रत्येक लॉटचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे ट्रान्स फॅट मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा, अहवाल मागा. "आमचा माल चांगलाच असतो" हे तोंडी उत्तर पुरेसं नाही.

"हायड्रोजनेटेड" शब्दाला सरसकट घाबरणं. अर्धवट हायड्रोजनेटेड टाळायचं. पूर्ण हायड्रोजनेटेडमध्ये ट्रान्स फॅट नाममात्र असतं, पण ते जवळजवळ सगळं संपृक्त (सॅच्युरेटेड) असतं. यातूनच पुढची चूक होते: ट्रान्स फॅट काढलं आणि त्या जागी पाम स्टिअरिन, म्हणजे पामतेलाचा घट्ट भाग, भरमसाट ओतलं. ग्राहकाच्या हृदयाला त्याने फार दिलासा मिळत नाही. पदर धरायला लागेल तेवढंच घट्ट ठेवा. जिथे पदर नाहीत तिथे घट्ट हवंच कशाला? शंकरपाळी किंवा चकलीच्या मोहनाला शेंगदाण्याचं किंवा राइस ब्रान तेल कडकडीत तापवून घातलं तरी खुसखुशीतपणा येतो. साधं सूर्यफूल तेल मात्र साठवणीच्या फरसाणाला नको, ते लवकर खवट होतं. हाय-ओलिक (ओलिक आम्ल जास्त असलेलं) सूर्यफूल तेल मिळत असेल तर टिकाऊपणात खूप फरक पडतो.

तळणीत जुन्यावर नवं ओतणं. चांगलं तेल साध्या तळणीत फार ट्रान्स फॅट बनवत नाही. तेच तेल वारंवार, धूर येईपर्यंत तापवलं की ते वाढतं, आणि त्यासोबत इतर घातक घटकही. 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय घटक (तेल तापून बिघडताना तयार होणारे) 25 टक्क्यांवर गेले की ते वापरता येत नाही. हे मोजणारं हातातलं मीटर मिळतं. कढई दिवसभर चालत असेल तर ते घ्याच, रंगावरून आणि फेसावरून अंदाज चुकतो. काढलेलं तेल स्वस्तात गाडीवाल्याला देऊ नका, ते कुणाच्या तरी वड्यात जातं. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करणारे अधिकृत संकलक आहेत. त्यांना द्या आणि किती लिटर गेलं त्याची नोंद तारखेसह वहीत ठेवा, तपासणीला तीच वही दाखवावी लागते.