परतून आल्यावर घरात जागा कशी करावी

परदेशात बरीच वर्षं काढून घरी परतायचं ठरलं की जो तो विचारतो, 'मग, खूश ना?' याला ठाम 'हो' म्हणायची सक्ती स्वतःवर करू नका. मी सरळ सांगायचे, 'निम्मी.' समोरचा हसायचा आणि विषय बदलायचा. आपलंही काम व्हायचं.

आधी कागदपत्रांचं उरकते, कारण ते सोपं आहे. तिकडचा मोबाइल नंबर निघताना बंद करू नका. बँक, पेन्शन, कर, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. प्रत्येक खात्यात नवा नंबर टाकून झाला की मगच सिम सोडा. औषधांची ब्रँडनावं देशागणिक बदलतात, म्हणून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या. मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी आणि शाळेचे दाखले हातातल्या बॅगेत ठेवा. कर कुठल्या देशात किती भरायचा हे बऱ्याचदा वर्षातले किती दिवस कुठे राहिलात यावर ठरतं, तेव्हा तिकीट काढण्याआधी जाणकाराला विचारा.

आता अवघड भाग. तो तिकडून निघण्याआधीच सुरू होतो.

तिकडचा निरोप नीट घ्या. 'आपल्या घरी तर चाललोय, मग रडायचं कशाला?' म्हणून बहुतेक जण हे टाळतात, आणि मग ते रडू इकडे येऊन भलत्याच वेळी फुटतं. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई राहायच्या. त्यांचे कचऱ्याचे डबे दर आठवड्याला मी रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचे. निघण्याआधी वरच्या मजल्यावरच्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेले. कुठला डबा कुठल्या वारी, फाटकाची कडी कशी उचलून ओढायची, सगळं त्याला दाखवलं. बाई दारात उभं राहून त्याच्या चुका काढत होत्या. तुमचंही असं एखादं काम तिथे असेल. ते कोणाच्या तरी हाती सोपवून या, नुसतं सोडून येऊ नका.

कारण घरी आल्यावर पहिला धक्का बसतो तो याच गोष्टीचा: तुमच्यावाचून इथे काहीही अडलेलं नसतं. गेली कित्येक वर्षं तुम्हाला वगळूनच घराची घडी बसलेली असते. आल्फ्रेड शुट्झ नावाचे समाजशास्त्रज्ञ स्वतः व्हिएन्ना सोडून अमेरिकेत गेलेले. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या निमित्ताने १९४५ साली त्यांनी घरी येणाऱ्या माणसावर एक लेख लिहिला. त्यातलं निरीक्षण मला अगदी पटलं. परक्या मुलखात शिरणाऱ्याला आपण अनोळखी आहोत हे ठाऊक असतं, म्हणून तो जपून पावलं टाकतो. परतणाऱ्याला वाटतं, इथलं सगळं आपल्याला माहीत आहे. म्हणून तो जास्त ठेचकाळतो.

तर पहिले काही महिने घरात नव्या माणसासारखे राहा. बघा, शिका, मत मागितलं तर द्या. आमच्याकडे बाबांच्या गोळ्यांचा वारांच्या खणांचा डबा वहिनी रविवारी रात्री भरते. मी हौसेने पुढे झाले तर म्हणाली, 'राहू दे गं. त्यातल्या दोन पांढऱ्या गोळ्या अगदी सारख्या दिसतात. एकीवर बारीक रेघ आहे, ती सकाळची.' उजेडाकडे धरल्याशिवाय ती रेघ दिसत नाही. मागे राहिलेल्यांनी ज्या शेकडो गोष्टी नजरेत साठवल्या असतात, त्या ही अशा. त्या कुठे लिहून ठेवलेल्या नसतात आणि तुमच्या डिग्रीत बसत नाहीत.

मदत करायची असेल तर 'मी काय करू?' असं विचारू नका. तुम्हाला काम नेमून देणं हे त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम. त्यापेक्षा कोणालाच नकोसं झालेलं एखादं काम शोधा आणि ते कायमचं उचला. मी बाबांचे पिशव्यांत कोंबलेले रिपोर्ट तारखेनुसार लावायला घेतले. विम्याचे फोनही माझ्याकडे आले. अर्धा अर्धा तास होल्डवर थांबायचं असल्यामुळे त्या कामात कोणी आडवं आलं नाही.

भावंडांशी एकदा स्पष्ट बोलून घ्याच. तुमच्या मनात असतं, 'मी पैसे पाठवत होते.' त्यांच्या मनात असतं, 'रात्री दवाखान्यात आम्ही बसत होतो.' दोन्ही खरं आहे, आणि या हिशोबाची वजाबाकी होत नाही. मोघम 'तुम्ही खूप केलंत' म्हणण्यापेक्षा नेमकं काय केलं ते विचारा आणि शेवटपर्यंत ऐका. दादा मला म्हणाला, 'आलीस, बरं झालं. पण आता सगळं तूच ठरवणार असशील तर आत्ताच सांग.' लागलं मला. तरी तो हे माझ्या तोंडावर बोलला याचंच बरं वाटलं.

'तिकडे असं नसतं' हे वाक्य मात्र मोजून वापरा. मनात शंभरदा येऊ दे, तोंडातून क्वचित. आणि चिडचिड झाली की स्वतःला विचारा, ही तक्रार तिकडे असतानाही होती का? कामावर कोणी मोजत नाही, संध्याकाळ रिकामी जाते, गुडघे दुखतात... यातलं बरंचसं आपल्याबरोबर सामानातूनच आलेलं असतं. ते बाजूला काढलं की देशाच्या नावावर खऱ्या तक्रारी थोड्याच उरतात. उरतात त्या खऱ्या असतात, त्या गिळायची गरज नाही.

किती दिवसांत रुळाल? १९५५ मध्ये नॉर्वेचे स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून मांडलं की परदेशात मन आधी वर असतं, मग खाली जातं, मग सावरतं. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी हाच आलेख परतीलाही जोडला: घरी आल्यावर पुन्हा एक घसरण, पुन्हा चढ. पुढच्या अभ्यासकांना तो प्रत्येकाला लागू पडताना दिसला नाही, तेव्हा त्याला वेळापत्रक समजू नका. उपयोग एवढाच, की घसरण आली तर 'आपला निर्णयच चुकला' असा निष्कर्ष त्याच रात्री काढायचा नाही. नवरा-बायको एकाच वेळी खाली असतील असंही नाही. मी रडवेली होते तेव्हा नवरा मजेत होता, आणि याचा मला मनस्वी राग यायचा.

मुलं तिकडेच जन्मली असतील तर त्यांना 'आपण परत आलो' असं ऐकवू नका. ती परतलेली नाहीत, ती पहिल्यांदाच देश सोडून आली आहेत. त्यांना आजी-आजोबांच्या प्रेमाची आठवण करून देण्याआधी मागे राहिलेल्या मित्रांबद्दल बोलू द्या.

तुम्हीही तिकडच्या निदान दोन माणसांशी बोलायचा वार आणि वेळ ठरवून टाका. 'कधीतरी फोन करू' म्हटलं की तो होत नाही. तो देश उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं पुढेमागे करणारा असेल, तर त्या आठवड्यात फोन तासभर चुकतो. तेवढं आधी कॅलेंडरवर लिहून ठेवा.