कॅनडातल्या ह्युरन काउंटीत नोकरीला येताना

सप्टेंबर संपता संपता आमच्या एलिव्हेटरवर सोयाबीनचे ट्रक लागायला सुरुवात होते. एलिव्हेटर म्हणजे इथे धान्याच्या उंच टाक्या, ड्रायर आणि वजनकाटा असलेलं आवार. ट्रक काट्यावर आला की वरून प्रोब, म्हणजे नमुना घेणारी नळी, खाली येते, दोन-तीन ठिकाणी खुपसून नमुना ओढून घेते आणि तो माझ्या टेबलावरच्या ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मशीनमध्ये पडतो. १३ टक्क्यांपर्यंत माल कोरडा धरतात, त्यापुढे वाळवणीचे पैसे कापले जातात. पहिल्याच आठवड्यात एका ट्रकचा आकडा १४.२ आला आणि मला लातूरचा आडत बाजार आठवला. आडत्याच्या मशीनकडे टक लावून उभे असलेले वडील मी शाळेत असल्यापासून पाहिलेत. 'ओलावा जास्त आहे' हे वाक्य शेतकऱ्याला कसं लागतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून मी आकडा तोंडी सांगत नाही, आधी मशीन खिडकीकडे वळवते. शेतकरी स्वतः वाचतो, मग आम्ही बोलतो.

बी.एस्सी. ॲग्री करून कॅनडात आलेल्या, टोरांटोच्या आसपास गोदामात नाहीतर दुकानात शिफ्ट करणाऱ्या कितीतरी मुलामुलींशी माझं बोलणं होतं. त्यांना मी नेहमी म्हणते, तुमचं शिक्षण ज्या मातीचं आहे तिकडे या. पण 'खेडेगाव' एवढंच मनात धरून येऊ नका. काउंटी म्हणजे काय, हे आधी समजून घ्या: अनेक पालिका मिळून झालेला, आपल्या जिल्ह्यासारखा भाग.

ह्युरन काउंटी ऑन्टारियोच्या पश्चिमेला, ह्युरन सरोवराच्या काठावर आहे. २०२१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ६१ हजारांच्या थोडी वर होती. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याहूनही कमी. मोठं शहर एकही नाही. काउंटीखाली ९ नगरपालिका आहेत आणि बहुतेक पालिकांत अनेक गावं, वाड्या आणि मधली सगळी शेतं येतात. त्यामुळे पत्त्यात गावाचं नाव एक आणि पाणीपट्टीच्या बिलावर पालिकेचं नाव दुसरं, असं होतं. हेन्सॉलला राहणारा माणूस कागदोपत्री ब्लूवॉटर पालिकेचा असतो, एक्झेटरचा माणूस साउथ ह्युरनचा. कचरा, पाणी, गल्लीतला रस्ता, बांधकामाची परवानगी यासाठी पालिकेकडे जायचं. रुग्णवाहिका, मोठे काउंटी रोड, सरकारी वृद्धाश्रम आणि वाचनालयं काउंटीकडे. मला हे कळायला सहा महिने लागले, तोवर चुकीच्या खिडक्यांसमोर बरेच हेलपाटे झाले. आल्या आल्या काउंटी लायब्ररीचं कार्ड मात्र नक्की काढा. एकच कार्ड सगळ्या गावांच्या शाखांत चालतं, आणि रेझ्युमेची प्रिंट काढण्यापासून शाळेच्या चौकशीपर्यंत तिथली माणसं मनापासून मदत करतात.

गोडरिच हे काउंटीचं मुख्य ठिकाण. १८२७ साली कॅनडा कंपनी नावाच्या जमीन विकणाऱ्या कंपनीने ते वसवलं. त्याच वर्षी इथल्या मूळनिवासी अनिशिनाबे लोकांबरोबर ह्युरन ट्रॅक्ट नावाच्या या पट्ट्याचा करार होऊन ही जमीन वसाहतीकडे गेली. गावाच्या मधोमध अष्टकोनी चौक आहे, तरी सगळे त्याला 'स्क्वेअर'च म्हणतात. २१ ऑगस्ट २०११च्या टॉर्नेडोने या चौकाची जुनी झाडं आणि छपरं उखडून टाकली, आज दिसतो तो नंतर उभा केलेला चौक. बंदरालगत मिठाची खाण आहे. १८६६मध्ये तेलासाठी बोअर घेताना मीठ लागलं, आणि आता खाण सरोवराच्या तळाखाली सुमारे ५५० मीटर खोल गेली आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात ते हेच मीठ.

बाकीच्या गावांचीही आपापली ओळख आहे. ब्लाइथला नाटकं होतात. विंगम हे नोबेल मिळालेल्या कथालेखिका ॲलिस मन्रो यांचं जन्मगाव. बेफिल्ड उन्हाळ्यात पर्यटकांनी भरतं, हंगामी कामं तिथे मिळतात. उत्तरेकडे रस्त्याने आमिश, म्हणजे धर्मश्रद्धेने जुन्या पद्धतीचं साधं आयुष्य जगणाऱ्या लोकांच्या घोडागाड्या दिसतात, त्यांना ओलांडताना वेग कमी करा. सीफोर्थ, क्लिंटन, ब्रसेल्स ही शेतीच्या व्यवहाराची गावं.

माझं मन मात्र हेन्सॉल-झुरिकच्या पट्ट्यात आहे. हा पांढऱ्या बीन्सचा मुलूख. इथले बीन्स वर्षानुवर्षं इंग्लंडला बेक्ड बीन्ससाठी जातात, आणि झुरिकला ऑगस्टमध्ये बीन फेस्टिव्हल भरतो. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की दाण्यावर डाग पडतात आणि भाव उतरतो. त्या दिवसांत शेतकरी ज्या तऱ्हेने आभाळाकडे बघतो, ते बघणं मला ओळखीचं आहे. चर्चच्या हॉलमधल्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी याच बीन्सची गोडा मसाला घातलेली उसळ नेली होती. आयुष्यभर बीन्स पिकवलेल्या एका आजोबांनी तीनदा वाढून घेतली आणि मसाल्यात काय काय आहे ते कागदावर लिहून मागितलं.

कामाचं वर्ष पिकांवर चालतं. जुलैत गहू, सप्टेंबरमध्ये बीन्स, मग सोयाबीन, आणि मका नोव्हेंबर संपेपर्यंत. एलिव्हेटरवाले, खत-बियाणे विकणारे आणि पिकांची पाहणी करून सल्ला देणारे एप्रिल-मेपासून माणसं शोधतात. हंगामी म्हणून घेतात आणि काम बघून ठेवून घेतात. जाहिरात नसली तरी आत जाऊन भेटा. मी रेझ्युमे हातात घेऊन गेले होते. व्यवस्थापकांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, घरी शेती किती, काय पिकतं. लातूरच्या कोरडवाहू सोयाबीनवर आम्ही अर्धा तास बोललो.

आता गाडी आणि बर्फ. इथे गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. भारतातलं लायसन थेट बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा देऊन जी-वन हे शिकाऊ लायसन घ्यावं लागतं, आणि भारतातल्या अनुभवाची रीतसर कागदपत्रं असली तर मधला थांबण्याचा काळ कमी होतो. ती कागदपत्रं निघण्याआधीच आरटीओतून आणा, इथून मागवताना फार वेळ जातो.

सरोवर गोठलेलं नसतं तेव्हा त्यावरून येणारा थंड वारा बाष्प उचलतो आणि जमिनीवर अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. याला स्नो स्क्वॉल म्हणतात. एका मैलावर स्वच्छ ऊन आणि पुढच्या मैलावर बॉनेटसुद्धा दिसत नाही, असा हा प्रकार. माझ्या दुसऱ्या जानेवारीत बॅबिलॉन लाइनवर (इथे शेतांमधल्या रस्त्यांना 'लाइन' म्हणतात) मी अशीच अडकले आणि गाडी चारीत उतरली. मदतीसाठी केलेला फोन लागला. पलीकडून पहिला प्रश्न आला, कुठल्या लाइनवर, शेवटचा कुठला रोड ओलांडलास? मला सांगताच येईना. चाळीसेक मिनिटांनी समोरच्या शेतातल्या माणसाला माझे चमकते दिवे दिसले, तो ट्रॅक्टर घेऊन आला आणि काही न विचारता साखळी लावू लागला. त्या दिवसापासून मी हिवाळ्यात ओलांडलेल्या प्रत्येक रस्त्याचं नाव मोठ्याने म्हणते. पार लाइन. गोशेन लाइन. घरांच्या वाटेवर नंबराची पाटी असते, मदत मागताना तोच नंबर सांगायचा असतो, म्हणून त्या पाट्याही वाचत जा.

पोलिसांनी रस्ता बंद केला की बंदच समजा, कामावर फोन करा. कुणी रागावत नाही, इथे सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे. विंटर टायर घ्या, विम्यात सवलतही मिळते. गाडीत फावडं, ब्लँकेट आणि चार्जर ठेवा. अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका, आणि इंजिन सुरू ठेवायचं असेल तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा.

लहान इस्पितळं बऱ्याच गावांत आहेत, पण नर्सेसची टंचाई असल्याने एखादा आपत्कालीन विभाग रात्री बंद असू शकतो. निघण्याआधी कुठला उघडा आहे ते पाहून घ्या. भाड्याची घरं थोडी आहेत आणि बरीचशी तोंडी जातात, म्हणून नोकरी ठरली की मालकालाच विचारा. मला खोली तशीच मिळाली. डाळी, कणीक, मसाले आणायला महिन्यातून एकदा ऑन्टारियोतल्याच लंडन शहरात जाते, एक्झेटरहून पाऊण तासाचा रस्ता आहे. गणपतीही आम्ही चार-पाच घरं मिळून तिकडेच बसवतो.

शक्य असेल तर एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेमध्ये या. पेरणी सुरू असते, माणसं हवी असतात, आणि लायसनची परीक्षा, गाडी, टायर हे सगळं पहिल्या बर्फाआधी उरकायला सहा महिने हाताशी राहतात.