जुनाट कंडरादुखी आणि पीआरपी इंजेक्शन : या चुका टाळा

बडोद्यात भाद्रपद लागला की टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), जिला आपण बोलताना सरसकट 'शीर' म्हणतो, महिनोन्‌महिने दुखत असलेली मंडळी माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत एकच प्रश्न घेऊन येतात : आता पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) घेतले, तर नवरात्रात गरबा खेळता येईल ना? पहिली चूक याच प्रश्नात आहे. पीआरपी वेदनाशामक नाही. आपलेच रक्त काढून, ते यंत्रात वेगाने फिरवून, प्लेटलेट्सचे (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचे) प्रमाण साधारणतः तीन ते पाच पट झालेला द्राव दुखऱ्या कंडरेत सोडतात आणि त्यातील वृद्धिघटकांनी दुरुस्तीला चालना मिळावी अशी अपेक्षा असते. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात. म्हणजे आश्विनातल्या गरब्याचा विचार आषाढातच करायला हवा.

दुसरी चूक घरातल्या औषधांच्या डब्यातून होते. इंजेक्शननंतर पहिले काही दिवस ठणका वाढतो आणि माणूस घाबरून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतो. ज्या दाहातून दुरुस्ती सुरू व्हायची, तोच या गोळ्या दाबतात, म्हणून त्या आधी साधारण आठवडाभर आणि नंतर किमान दोन आठवडे टाळायला सांगतात. पॅरासिटामॉल चालते. मात्र अंगदुखीच्या मिश्र गोळीतही आयब्युप्रोफेन असू शकते, तेव्हा पट्टीमागची बारीक अक्षरे अवश्य वाचावीत. हृदयविकारासाठी चालू असलेली अॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

सुईवर सगळी भिस्त ठेवून व्यायाम सोडणे, ही मला सर्वांत जास्त सलणारी चूक. ब्रिटनमध्ये टाचेमागच्या कंडरेच्या जुनाट दुखण्याच्या 240 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर पीआरपी हे लुटुपुटीच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. त्यामुळे जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम आधी बारा आठवडे नेमाने करावा, आणि इंजेक्शन घेतलेच, तर सुरुवातीच्या विश्रांतीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो पुन्हा सुरू करावा.

ताप, वाढती लाली किंवा पू दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अनवाणी गरबा खेळताना टाचेमागे कोणी लाथ मारल्यासारखे वाटले आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटली असे समजून पायावर भार न देता थेट रुग्णालय गाठावे.